असू दे, लागेल

आमच्या चाळीत वस्तू मरत नसत, त्यांची फक्त बदली होत असे. बोर्नव्हिटाच्या डब्यात हळद, हळदीच्या जुन्या बरणीत खिळे, पावडरच्या रिकाम्या डब्यात रेशनच्या पावत्या. जुन्या धोतराचे पंचे, पंच्यांची बाळोती, बाळोत्यांची फडकी आणि फडक्यांचं शेवटी पायपुसणं. गाठी मारलेल्या सुतळीचा गुंडा, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, उलटून शिवलेल्या कॉलरचे शर्ट. कुणी काही टाकायला निघालं की आजीचा हात आडवा यायचा, ‘असू दे, लागेल.’

अशा घरांत आम्ही डीप पर्पल ऐकलं.

गिरगावात, ठाकूरद्वारच्या आसपासच्या चाळींमध्ये, १९८०च्या दशकात शाळा-कॉलेजात असलेली आमची पिढी. पहाटे अभंग, संध्याकाळी मुंबई ‘ब’वर कामगार सभा, रात्री ‘आपली आवड’ असा घरोघरचा क्रम. या क्रमात इंग्रजी ठणठणाटाला जागा नव्हतीच. ती आम्ही चोरून केली, दुपारची, मोठी माणसं आडवी झाली की.

बोटीवर नोकरी करणारा एक मामा बहुतेक प्रत्येक चाळीला असायचा. आमच्या मामानं डीप पर्पलच्या ‘मशीन हेड’ची खरी, छापील कव्हरची कॅसेट आणली. ती त्याच्या कपाटाबाहेर कधी आली नाही. तिच्यावरून एक भरली गेली, त्या भरलेलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. चौथ्या नकलेपर्यंत झांजा गायब व्हायच्या आणि खरखर तेवढी वाढायची. ती खरखर गाण्याचाच भाग आहे असं आम्ही कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

टीडीकेची डी-नाईन्टी म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. ‘मशीन हेड’ साधारण ३७ मिनिटांची. मग उरलेल्या सात-आठ मिनिटांचं काय करायचं, हा आमच्याकडचा गंभीर प्रश्न. जागा फुकट घालवायची नाही, हा तर घरचाच नियम. कुणी तिथं ‘ब्लॅक नाईट’ बसवायचं, कुणी दुसऱ्याच बँडचं एखादं गाणं. ज्यांनी काहीच बसवलं नाही, त्यांच्याकडे टेपवर आधी असलेलं तसंच राहायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या कॅसेटीत ‘स्पेस ट्रकिन’’ संपलं की खट् असा आवाज व्हायचा आणि कामगार सभेतलं एक कोळीगीत मध्यापासून सुरू व्हायचं. त्या मजल्यावर वाढलेल्यांना आजही ते गाणं संपताना होडी दिसते.

आणि दुरुस्त्या! टेप आत गुंतली की श्वास रोखून झाकण उघडायचं, गुंता बोटांनी अलगद काढायचा, सहाकोनी पेन्सिल भोकात घालून रीळ गुंडाळायचं. गोल पेन्सिल चालत नसे, ती नुसतीच फिरे. टेप तुटली तर वहिनीच्या नेलपॉलिशचा थेंब, नाहीतर सेलोटेपचा केसाएवढा तुकडा मागच्या बाजूनं. आतली नमद्याची गादी पडली तर जुन्या टोपीचा कापलेला तुकडा. कॅसेटच्या डोक्यावरचे दोन दात मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नसे, म्हणून आवडती कॅसेट आली की आधी दात मोडायचे. मन बदललं की त्याच खाचांवर सेलोटेप. हेड मळलं की कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट, आणि ते नसलं तर बाबांचं कोलन वॉटर. घरातला टू-इन-वन असा सुवासिक असायचा.

टेपरेकॉर्डरचंही तसंच. पट्टा बदलला, हेड बदललं, मोटर लॅमिंग्टन रोडवरून आणून बसवली, वरचं झाकण मोडल्यावर रबर लावलं, प्लेचं बटण गेल्यावर तिथं आगपेटीची काडी खुपसली. पहिल्या टेपमधलं आता हँडल तेवढं उरलं होतं. तरी घरात म्हणताना ‘आपला तोच जुना टेप’.

चोरून ऐकायचं म्हटलं तरी चाळीत चोरून काय ऐकणार? भिंती पातळ, दारं उघडी. एकानं लावलं की गॅलरीतल्या सगळ्यांनी ऐकलं. ‘इन रॉक’ या १९७०च्या अल्बममधलं ‘चाइल्ड इन टाइम’ दहा मिनिटांच्या वर चालतं. त्यात इयन गिलनचा आवाज चढत जातो, चढत जातो आणि शेवटी शब्दच सोडून देतो. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आजी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही, वर पाहिलं नाही. म्हणाली, ‘अरे, त्याला कुणीतरी पाणी द्या.’

समोरच्या खोलीतले पेटीवाले काका भजनाला साथ करायचे. त्यांनी ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवात दोनदा ऐकली आणि पेटीवर जशीच्या तशी काढून दाखवली. सा, कोमल ग, म. मग सा, कोमल ग, तीव्र म आणि लगेच शुद्ध म. पुन्हा सा, ग, म आणि गवरून सावर परत. ‘दोन्ही मध्यम लागोपाठ घेतोय,’ काका म्हणाले, ‘म्हणजे ललत कानावरून गेलेला दिसतोय. गंधार कोमल लावला, तेवढं चुकलं.’ पुढे चाळीतल्या अर्ध्या पोरांनी कलकत्त्याच्या गिवसन गिटारवर तेवढंच एक वाक्य घासून घासून पाठ केलं. पेटीवर ते सगळ्यात आधी वाजलं, हे त्यांना सांगितलेलं आवडत नसे.

काकांचा जीव मात्र जॉन लॉर्डवर जडला. हा माणूस आपला हॅमंड ऑर्गन गिटारवाल्यांच्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवायचा, त्यामुळे सुरांना धार यायची आणि रिची ब्लॅकमोरच्या गिटारसमोर तो दबायचा नाही. आमच्याकडे पेटीवाला नेहमी गायकाच्या मागे, मान खाली घालून. इथं तो बरोबरीनं भांडत होता. १९७२च्या जपान दौऱ्यातल्या ‘मेड इन जपान’मध्ये तर ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’च्या मध्यावर ब्लॅकमोर गिटारवर काहीतरी विचारतो आणि गिलन गळ्यानं उत्तर देतो. काकांनी मांडीवर थाप मारून ‘झाला की सवाल-जवाब!’ असा शिक्का मारला आणि त्या दिवसापासून आम्हाला दुपारी टेप लावायची अधिकृत परवानगी मिळाली.

‘स्मोक ऑन द वॉटर’मागची गोष्ट आम्ही एकमेकांना पुराणातल्या कथेसारखी सांगायचो. ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो गाव. तळ्याकाठच्या कसिनोत फ्रँक झॅपाची मैफल चाललेली. प्रेक्षकांतल्या कुणीतरी आगीचा बार छताकडे उडवला आणि अख्खी इमारत पेटली. डीप पर्पलनं ध्वनिमुद्रणासाठी तीच जागा ठरवली होती. धूर पाण्यावर पसरताना त्यांनी पाहिला आणि गाणं सापडलं. पण आम्हाला त्यापुढचा भाग जास्त प्रिय. जागा गेली, तर हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल त्यांनी धरलं. रोलिंग स्टोन्सची फिरती ध्वनिमुद्रणाची गाडी बाहेर उभी केली आणि हॉटेलच्या गाद्या भिंतींना लावून बोळात वाजवायला बसले. वायरी खिडक्यांतून, खोल्यांतून नेलेल्या. गाडीपर्यंत जाऊन आपलंच वाजवलेलं ऐकायचं म्हणजे एवढा वळसा, की शेवटी त्यांनी जाणंच सोडून दिलं. ‘मशीन हेड’सारखा जगातला एक मोठा अल्बम गाद्या टेकवून तयार झाला, हे ऐकल्यावर आमच्या गादीवाल्या, जुगाडू घरांची छाती जरा फुगली होती.

याच मंडळींची लंडनच्या रेनबो थिएटरातली १९७२ची मैफल ११७ डेसिबलची म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली, हेही आम्हाला पाठ होतं. गणपतीतल्या लाउडस्पीकरबद्दल कुणी तक्रार केली की हा आकडा तोंडावर फेकायचा.

बाकी गिरगावकरांना देवानं जागा बरी दिली होती. चालत गेलं की धोबी तलाव आणि रंगभवन. तिथं १९८६पासून इंडिपेंडन्स रॉक भरू लागलं. स्वातंत्र्यदिनाच्या आसपासचा पाऊस, वर छप्पर नाही, खाली चिखल, मंचावर मुंबईची पोरं. पुढे शेजारच्या रुग्णालयांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनचा आवाज थांबला. आणखी थोडं चाललं की काळा घोडा आणि ऱ्हिदम हाऊस, जिथं काचेच्या खोपटात उभं राहून न विकत घेता ऐकता यायचं. तेही २०१६च्या सुरुवातीला मिटलं.

आणि मग ८ एप्रिल १९९५. शहराचं नाव कागदोपत्री अजून बॉम्बेच होतं, त्याच वर्षी पुढे ते बदललं. डीप पर्पल अंधेरीच्या क्रीडा संकुलात आले. तोवर आम्ही नोकरदार झालो होतो. कुणी बँकेत, कुणी एलआयसीत, एकाचं तर त्या महिन्यात बारसं होतं, म्हणजे त्याच्या मुलीचं. चर्नी रोडहून टोळीनं निघालो. गाडीत जो तो एकच सांगत होता, ब्लॅकमोर नाहीये म्हणे. नव्हताच. १९९३च्या अखेरीस तो दौऱ्याच्या मध्यावर सोडून गेला होता. जो सॅट्रियानीनं काही काळ वेळ मारून नेली आणि आता स्टीव्ह मोर्स नावाचा एक अमेरिकन आला होता. आमच्यातल्या कर्मठांनी ठरवून टाकलं होतं की याला टाळी द्यायची नाही. तिसऱ्या गाण्याला दिली. त्या मैफलीचं चित्रण ‘बॉम्बे कॉलिंग’ नावानं निघालं. आमच्यातला एक आजही सांगतो की त्यातलं एक डोकं त्याचं आहे. डोकं कुणाचंही असू शकतं. पण जॉन लॉर्डला आम्ही डोळ्यांनी पाहिलं, याला पुरावा लागत नाही. पेटीवाले काका तेव्हा नव्हते.

नंतरची वर्षं भराभर गेली. सीडी आल्या, कॅसेटी खोक्यात, खोकं माळ्यावर. ‘टाकून देऊ का?’ असं विचारल्यावर, आश्चर्य म्हणजे, आम्हीच म्हणालो, ‘असू दे, लागेल.’

तिकडे बँडमध्येही माणसं बदलतच होती. या बँडच्या भक्तांनी प्रत्येक संचाला आकडा दिलाय. मार्क वन १९६८चा. मार्क टू म्हणजे गिलन, ब्लॅकमोर, लॉर्ड, ग्लोव्हर, पेस, आमचं दैवत. मार्क थ्रीत डेव्हिड कव्हरडेल गायला. असं करत करत २००२मध्ये जॉन लॉर्ड बाजूला झाला आणि डॉन एअरी आला तेव्हा मार्क एट झाला. सगळ्या मार्कांत एकच माणूस पहिल्यापासून आहे, डावखुरा ढोलवाला इयन पेस. गिलननं २००२च्या सुमारास ‘चाइल्ड इन टाइम’ मंचावर गाणं सोडलं. वरचे सूर आता लागत नाहीत हे त्यानं स्वतःच ओळखलं, आमच्या कितीतरी नाट्यगायकांना हे जमलं नाही. १६ जुलै २०१२ला जॉन लॉर्ड गेला. त्याच वेळी बँड नॅशव्हिलला ‘नाऊ व्हॉट?!’ करत होता आणि त्यातलं एक गाणं लॉर्डला वाहिलेलं आहे. २०१७ला त्यांनी निरोपाचा लांबलचक दौरा काढला. निरोप अजून चालूच आहे.

मग २०२० उजाडलं आणि सगळं जग घरात बसलं.

आमची चाळ तोवर पाडून तिथं टॉवर उभा राहिला होता. आम्ही ठाण्याला, डोंबिवलीला, पुण्याला, दोघे न्यू जर्सीत. रिकाम्या हातांना माळे साफ करायचं एक काम होतं. फोनवर रोज कुणाच्या तरी माळ्याचे फोटो यायचे: पाटा-वरवंटा, स्टोव्हच्या पिना, भोवरा, शेगडी, आणि अर्थात कॅसेटींची खोकी. त्यातच ७ ऑगस्टला डीप पर्पलचा नवा अल्बम आला, ‘व्हूश!’. जूनमध्ये यायचा होता, महामारीमुळे लांबला. एकविसावा स्टुडिओ अल्बम. गिलनला पंच्याहत्तर पुरायला बारा दिवस होते. पेस आणि एअरी बहात्तरचे, ग्लोव्हर चौऱ्याहत्तरचा, आणि मोर्स, ज्याला आम्ही १९९५ला ‘नवीन पोरगा’ म्हटलं होतं, तो सहासष्टचा.

मुखपृष्ठावर एक अंतराळवीर, आणि त्याचं शरीर धुळीसारखं विरत चाललेलं. माणूस पृथ्वीवर असा किती वेळ असतो, या अर्थाचं ते सगळं. तेव्हाच्या ऑगस्टमध्ये हे चित्र बघताना कुणी फारसं बोललं नाही.

ऐकलं मात्र सगळ्यांनी, आपापल्या घरात, एकाच संध्याकाळी. निर्माता बॉब एझ्रिन, पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’वाला. त्यानं सलग तिसऱ्यांदा या म्हाताऱ्यांना घेऊन बसवलं होतं आणि ते ऐकू येतं. कुणी घाई करत नाही. गिलन मध्य सप्तक सोडत नाही, गोष्ट सांगितल्यासारखा गातो, मध्येच मिस्कील होतो. ‘नथिंग अॅट ऑल’मध्ये गिटार आणि ऑर्गन एकमेकांच्या हातात सूर देत-घेत उतरतात, अगदी बाखच्या वळणानं. ते ऐकून तिघांनी एकाच वेळी लिहिलं, ‘काका.’ ‘व्हॉट द व्हॉट’मध्ये पन्नासच्या दशकातला पियानो थयथयतो. एकेकाळच्या जगातल्या सर्वांत कर्कश मंडळींनी एका गाण्याचं नाव ‘नो नीड टू शाऊट’ ठेवलंय, यावर चाळीतल्या माणसांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं. ‘ड्रॉप द वेपन’ आम्हाला काही रुचलं नाही. ‘मॅन अलाइव्ह’ थोडं जड आहे, पण रात्री दिवा मालवून ऐकलं तर चढतं.

हा ‘मशीन हेड’ नाही. तो पंचविशीतल्या पोरांनी गाद्यांच्या आडोशाला वाजवलेला दणका होता. पण एखादी वस्तू वापरून वापरून हाताला बसावी तसं या अल्बममधलं वाजवणं आहे, आणि असं वाजवणं पंचविशीत जमत नाही, हेही आम्ही मान्य केलं. कर्मठांनीसुद्धा. जर्मनीत तो पहिल्या क्रमांकावर गेला हे कळल्यावर तर त्यांनी आपण आधीपासूनच हे म्हणत होतो असं सांगितलं.

अल्बमच्या शेवटाकडे एक बिनशब्दांचा तुकडा आहे, ‘अँड द अॅड्रेस’. आमच्यातल्या खोदकाम करणाऱ्या दादानं लगेच ओळखलं, हे नवीन नाही. १९६८च्या मे महिन्यात लंडनच्या पाय स्टुडिओत दोन-तीन दिवसांत उरकलेला त्यांचा पहिला अल्बम, ‘शेड्स ऑफ डीप पर्पल’, त्यातलं अगदी पहिलं वाद्यसंगीत हेच. ब्लॅकमोर आणि लॉर्ड यांनी रचलेलं. गिलन नाही, ग्लोव्हर नाही, त्यांचा बँडशी संबंधच नव्हता तेव्हा. बावन्न वर्षं तो तुकडा तसाच पडून होता. २०२०मध्ये त्यांनी तो उतरवला, झटकला आणि पुन्हा वाजवला. गिटार ब्लॅकमोरची नाही, मोर्सची. ऑर्गन लॉर्डचा नाही, एअरीचा. बास बदललेला. दोन्ही वेळा हजर असलेला एकटा पेस, विशीच्या आतलाही तोच आणि सत्तरीपुढचाही तोच. आम्ही जुना मागवला, नवा मागवला, लागोपाठ लावून पाहिले. नव्यात वजन जास्त आहे, जुन्यात उतावळेपणा. धून तीच. आमच्यातल्या एकीनं फक्त एवढंच लिहिलं, ‘आजी म्हणायची ना?’

त्यावर मग एक निराळाच वाद सुरू झाला. कुणाच्या तरी माळ्यावर एक कोरी, कागदसुद्धा न फाडलेली डी-नाईन्टी सापडली होती. तिच्यावर ‘व्हूश!’ भरायचा, हे एकमतानं ठरलं. टेपरेकॉर्डर कुणाचाच चालू नाही ही बाब गौण मानण्यात आली. पण अल्बम ५१ मिनिटांचा, बाजू ४५ची. सरळ भरत गेलं तर टेप नेमकी ‘अँड द अॅड्रेस’च्या तोंडाशी संपते. म्हणजे काहीतरी काढायला हवं. बँकवाल्यानं ‘ड्रॉप द वेपन’ आणि ‘स्टेप बाय स्टेप’ पलीकडच्या बाजूला टाकायचं सुचवलं. न्यू जर्सीहून विरोध आला. कुणी म्हणालं, शेवटचं ‘डान्सिंग इन माय स्लीप’ गाळा. दुसऱ्या मजल्यावरची मंडळी हटून बसली, की काहीही करा पण शेवटी कोळीगीताला जागा ठेवा. हे मिटायच्या आत मोर्सनं बायकोच्या आजारपणासाठी २०२२ला बँड सोडला. सायमन मॅकब्राइड आला, बेलफास्टचा, १९७९चा जन्म, म्हणजे ‘मशीन हेड’हून सात वर्षांनी लहान. जुलै २०२४मध्ये त्याला घेऊन त्यांनी पुढचा अल्बम काढला, नाव ‘=१’. दादानं लगेच मिनिटं मोजली. तीही पन्नासच्या वर. म्हणजे दुसरी कॅसेट शोधायला हवी, आणि बँकवाला म्हणतो, सोळाव्या खोलीतल्यांच्या माळ्यावर एक असणार.